काड्या फुल, तरी नेट चालत नाही! मुंबई-ठाण्याच्या नेटवर्कची खरी अडचण कुठे आहे?

नमस्कार मंडळी! संध्याकाळी सातची वेळ, दादरचा पूल, फोनच्या कोपऱ्यात 5जी लिहिलंय, काड्या सगळ्या भरलेल्या, आणि युपीआयने साधे वीस रुपये पाठवायला गेलात की ते चक्र फिरतंय ते फिरतंयच. हे मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. मग आपण म्हणतो ही कंपनीच बोगस, पोर्ट मारतो, आणि थोड्या दिवसांनी नव्या कंपनीबद्दलही तेच बोलायला लागतो.

आज मला एवढंच पटवून द्यायचंय की आपल्या शहरात अडचण बहुतेक वेळा 4जी की 5जी ही नसतेच, अडचण जागेची असते. अँटेना लावायचा कुठे, त्याच्यापर्यंत फायबर, म्हणजे डेटा वाहून नेणारी केबल, आणायची कशी आणि त्याला हो कोण म्हणणार.

आधी काड्यांचं बघू. काडी फक्त एवढंच सांगते की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय. त्या टॉवरवर आत्ता किती लोक आहेत हे ती सांगत नाही. म्हणजे गाडी प्लॅटफॉर्मला लागली हे कळलं, पण डब्यात पाय ठेवायला जागा आहे का ते कळलं नाही. एका सेलकडे, म्हणजे टॉवर ज्या छोट्या भागाला सिग्नल देतो त्या भागाकडे, जेवढी क्षमता असते ती त्या भागातल्या सगळ्यांमध्ये वाटली जाते, आणि दादर, ठाणे, अंधेरीसारख्या स्टेशनवर गर्दीच्या वेळी प्रत्येकजण रील बघतोय, तिकीट काढतोय, घरी फोन करतोय, मग वाटणीला येणार किती?

आता 5जी. भारतात 5जी सुरू झालं 1 ऑक्टोबर 2022 ला, पहिल्या शहरांत मुंबई होतीच. जिओ आणि एअरटेल तेव्हाच आले, व्हीआयचं मुंबईत मार्च 2025 मध्ये आलं. 5जीचा मुख्य पट्टा आहे साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा. तिथे जिओ-एअरटेलकडे 100-100 मेगाहर्ट्झ रुंदी आहे, आणि 4जीचा एक कॅरियर, म्हणजे सिग्नलची एक लेन, जास्तीत जास्त 20 मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे क्षमता प्रचंड वाढते, हे खरं आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण जेवढी फ्रिक्वेन्सी वर तेवढी ती भिंतीतून कमी जाते. 700 किंवा 900 मेगाहर्ट्झचा सिग्नल दोन-तीन भिंती ओलांडून किचनपर्यंत येईल, साडेतीन गिगाहर्ट्झवाला हॉलमध्येच दम सोडतो. 2022 च्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांच्या, लिलावात 700 चा पट्टा फक्त जिओने घेतला, म्हणून काही जणांना घराच्या आतल्या खोलीतही 5जी दिसतं. पण तिथे रुंदी आहे 10 मेगाहर्ट्झच, त्यामुळे 5जी लिहिलेलं असूनही स्पीड तसा मिळेलच असं नाही. बऱ्याच जणांना पडणारा प्रश्नही इथेच संपवते: 5जीवर असताना कॉल लागला की फोन 4जी का दाखवतो? कारण कॉल अजून बऱ्याचदा व्होल्टीवरून, म्हणजे 4जीच्या कॉलिंगवरूनच जातो. फोन बिघडलेला नाही.

आणि एक छोटी गोष्ट, मुंबई हे टेलिकॉमच्या नकाशात वेगळं सर्कल आहे, नवी मुंबई आणि कल्याण त्यातच येतात, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरं सर्कल. स्पेक्ट्रम सर्कलप्रमाणे विकत घेतात, म्हणून तीच कंपनी घाट चढून पुण्याकडे गेल्यावर वेगळी वागू शकते.

[स्क्रीनवर: लोअर परळच्या उंच इमारती]

आता उंच बिल्डिंगा. लोकांना वाटतं चाळिसाव्या मजल्यावर रेंज फुल असणार, वर मोकळं आहे ना सगळं. तर होतं उलटं. अँटेना साधारण पाच-सात मजली इमारतींच्या गच्चीवर असतात आणि त्यांचं तोंड किंचित खाली झुकवलेलं असतं, कारण रस्त्यावरची आणि घरातली माणसं खाली आहेत. वरच्या मजल्यावर मग एकाही टॉवरचा नीट सिग्नल मिळत नाही, पण लांबलांबच्या दहा टॉवर्सचा थोडाथोडा मिळतो, आणि ते सगळे एकमेकांत मिसळून गोंधळ होतो. फोन याच्यावरून त्याच्यावर उड्या मारतो आणि कॉल कट. त्यात बाहेरून चकचकीत काच, तिच्यावर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो थर सिग्नलही अडवतो. वरळी-परळपासून घोडबंदर रोडपर्यंत हीच तक्रार आहे. इथे बाहेर कितीही टॉवर लावले तरी उपाय बिल्डिंगच्या आतच करावा लागतो, म्हणजे लिफ्टच्या डक्टमधून केबल आणि मजल्या-मजल्यावर छोटे अँटेना. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग देण्याचे नियम काढलेत. फ्लॅट घेताना आपण पाणी, पार्किंग विचारतो ना, तसंच बिल्डरला हेही विचारा की आत केबलिंग आहे का, आणि सगळ्या कंपन्यांना आहे की फक्त एकाच कंपनीशी करार करून ठेवलाय. एकाशीच असेल तर बाकीच्या कंपन्यांची कार्डं त्या घरात जवळपास बंदच समजा.

आता येते सगळ्यात नाजूक विषयाकडे, सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा. कंपनी गच्चीवर अँटेना लावायला परवानगी मागते आणि मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं रेडिएशन, लहान मुलं आहेत, नको. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, आपल्या घरावर काय लागतंय हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण माहिती पूर्ण घ्या. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, म्हणजे दहापट कडक. सरकारचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, त्यावर आपल्या आसपासच्या टॉवरची माहिती बघता येते आणि फी भरून मोजणीही मागता येते. आणि अजून एक, टॉवर लांब असला की तुमचा फोन त्याच्यापर्यंत पोचायला स्वतः जास्त पॉवरने सिग्नल पाठवतो, आणि फोन तर आपण कानाला लावलेला असतो. टॉवर जवळ असेल तर फोन कमी पॉवरवर काम करतो, बॅटरीही टिकते. म्हणून काका-काकूंना माझी मनापासून विनंती, एजीएममध्ये नुसतं हो किंवा नाही म्हणू नका, इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मागा, अँटेनाच्या सिग्नलचा झोत कुठल्या घराच्या समोर येतोय ते मागा, मोजणीचा कागद मागा. हे सगळं नीट असेल तर लावू द्या. कारण एका गल्लीतल्या चार सोसायट्यांनी नाही म्हटलं की त्या गल्लीत नेटवर्कचा खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्यात रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्सला फोन लावणारा माणूसही असतो.

अँटेना लागला तरी त्याला मागून फायबर लागते. रस्ता खोदायला पालिकेची परवानगी, पावसाळ्यात खोदकाम जवळपास बंद, आणि रस्त्याचं काँक्रीट करताना जुनी केबल तुटते ती वेगळीच. केबल तोडली जाऊ नये म्हणून केंद्राने मार्च 2023 मध्ये खोदण्याआधी कळवायचं एक ॲप आणलंय, कंत्राटदारांनी ते खरंच वापरलं तर निम्मी डोकेदुखी कमी होईल असं मला वाटतं.

जागेचा प्रश्न जमिनीखाली किती चिघळतो ते मेट्रो 3 ने दाखवलं. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, 27 स्टेशनं, आरे सोडून सगळी भुयारी, ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. भुयारात बाहेरचा सिग्नल येतच नाही, आत वेगळी यंत्रणा आणि बोगद्याच्या भिंतीवरून खास केबल टाकावी लागते, जिच्यातून सिग्नल सगळीकडे झिरपत राहतो. प्रत्येक कंपनीने आपापली केबल टाकण्याऐवजी एकच सामायिक यंत्रणा ठरली, आणि मग ती कोणाची, तिचं भाडं किती यावरून घोडं अडलं. स्टेशनवर वायफाय होतं, पण गाडीत बसलं की फोन मुका. इतकी सुंदर मेट्रो, हजारो कोटींचा खर्च, आणि ही बोलणी बोगदा खणतानाच पूर्ण व्हायला नको होती का? मला याचा खरंच राग येतो. पुढच्या भुयारी कामांत हे टेंडरमध्येच लिहिलेलं असायला हवं.

पावसाबद्दल थोडक्यात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, उपनगरांत वीज गेली आणि मोबाइलही बंद पडले. टॉवरची बॅटरी काही तासच पुरते आणि पाणी भरल्यावर डिझेल पोचवता येत नाही. म्हणून मोठ्या पावसात फोन न करता मेसेज पाठवा, तो कमी सिग्नलवरही निघून जातो.

आता तुम्ही काय करायचं? अँड्रॉइड फोनमध्ये डायल करा स्टार हॅश स्टार हॅश 4636 हॅश स्टार हॅश स्टार. काही फोनमध्ये उघडत नाही, पण उघडलं तर सिग्नलचा आकडा मायनसमध्ये दिसेल. मायनस 80-90 म्हणजे मस्त, मायनस 100 म्हणजे चालतंय, मायनस 110 च्या पलीकडे गेलं की कठीण. आकडा चांगला आणि नेट ढिम्म, तर गर्दीचा प्रश्न. बाल्कनीत चांगला आणि बेडरूममध्ये खराब, तर बिल्डिंगचा प्रश्न, तिथे घरच्या वायफायवर वायफाय कॉलिंग चालू करा, सेटिंगमध्येच असतं, वेगळे पैसे लागत नाहीत. आणि खाली रस्त्यावरही खराब असेल तर तिथे टॉवरच कमी आहे.

ट्रायचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहेत, त्यात कंपनीने आपला कव्हरेजचा नकाशा वेबसाइटवर ठेवायचाय, कॉल ड्रॉप 2 टक्क्यांच्या आत ठेवायचाय, आणि जिल्हाभर 24 तासांपेक्षा जास्त नेटवर्क बंद राहिलं तर ग्राहकाला भरपाई द्यायचीय. म्हणून पोर्ट मारण्याआधी त्या नकाशावर दोन्ही कंपन्यांचं तुमच्या गल्लीतलं कव्हरेज बघा. तक्रार करताना नुसतं नेटवर्क नाही असं लिहू नका, मजला, खोली, वेळ आणि तो मायनसवाला आकडा लिहा, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अथॉरिटीकडे जा, अपील करायची मुदत 30 दिवसांची आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिथे मेल करून वाट बघत बसू नका.

तुमचा आकडा खाली टाका, पत्ता किंवा नंबर नको, फक्त जवळचं स्टेशन, मजला आणि वेळ. पुढच्या व्हिडिओत मी ते सगळे एका नकाशावर लावून दाखवते.