सहा हात कापड आणि एक पट्टा

अध्यक्षमहोदय आणि रसिक मंडळी,

निमंत्रणपत्रिकेत ‘लाइफ ड्रॉइंग’चे ‘जीवन-रेखाटन’ झाल्यामुळे पहिल्या रांगेतील दोन ज्येष्ठ गृहस्थ उतारवयासाठी मार्गदर्शन मिळेल या आशेने आले आहेत, असे मला मघाशी चहाच्या वेळी कळले. त्यांची क्षमा मागून सांगतो, की एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कलाशाळांत उघड्या अंगाचा माणूस समोर उभा करून रेखाटन आणि रंगकाम कसे शिकवीत, हा आजचा विषय आहे. त्या वर्गात कोणाला आत घेत, यावरच पुढे चित्रकार कोण होणार हे ठरत असे, असे माझे जुने मत आहे.

लंडनची रॉयल अकादमी ही चित्रकार-शिल्पकारांची संस्था, तिची स्वतःची कलाशाळाही होती. तिच्या 1768 मधील संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. तरीही योहान झोफनीने मॉडेलभोवती जमलेल्या अकादमीच्या सदस्यांचे जे चित्र रंगवले, त्यात या दोघी खोलीत नाहीतच. त्यांच्या तसबिरी तेवढ्या भिंतीवर टांगलेल्या आहेत. (आपल्याकडे तसबीर भिंतीवर कधी लागते, हे सांगायला नको.) पुढे 1860 मध्ये लॉरा हरफर्डने प्रवेशासाठी पाठवलेल्या रेखाटनावर फक्त ‘एल. हरफर्ड’ अशी सही केली, परीक्षकांनी तो पुरुष समजून प्रवेश दिला, आणि नंतर दार लावून घेणे अवघड झाले. मुली आत आल्या खऱ्या, पण त्यांच्या वाट्याला प्लास्टरचे पुतळेच आले. जिवंत मॉडेलसाठी त्यांना 1893 पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हा निघालेला नियम मला फार प्रिय आहे: मॉडेलने आधी पोहण्याची चड्डी घालावी, तिच्यावरून नऊ फूट लांब व तीन फूट रुंद हलके कापड कमरेला गुंडाळावे, ते पायांमधून घेऊन कमरपट्टीत खोचावे, आणि ते सुटू नये म्हणून वरून कातडी पट्टा आवळावा. मंडळी, सहा हात कापडाचा हा सरळसरळ कासोटा आहे. आमच्या आजोबांना तो नेसायला ठराव करावा लागला नव्हता, आणि पट्टा तर मुळीच लागला नव्हता! अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या अकादमीत, मुली असलेल्या वर्गात पुरुष मॉडेलचे कटिवस्त्र दूर केल्यावरून थॉमस इकिन्सला 1886 मध्ये शिक्षकपदाचा राजीनामा द्यावा लागला.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, आणि रंगकाम अजून राहिलेच आहे. इकिन्स पॅरिसला ज्या जेरोम नावाच्या चित्रकाराकडे शिकला, तिथला क्रम असा: आधी छापील नमुन्यांच्या नकला, मग प्लास्टरचे पुतळे, मग जिवंत मॉडेल, तेही कोळशाने, चुकलेली रेघ पुसायला पावाचा मऊ गर. एकोल दे बोझार या पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत 1863 पर्यंत रेखाटनच शिकवीत, रंगकामासाठी विद्यार्थी एखाद्या गुरूच्या खासगी चित्रशाळेत जात. त्या वर्षीच्या सुधारणेने जेरोम, काबानेल आणि पिल्स यांचे रंगवर्ग संस्थेतच सुरू झाले. तिथे आधी पातळ तपकिरी रंगाने सावल्या बसवीत, मग मधल्या छटा, आणि उजेडाचा जाड रंग सर्वांत शेवटी. स्त्रियांना या संस्थेत प्रवेश 1897 मध्ये मिळाला; तोवर त्या पैसे भरून ज्युलियनच्या खासगी अकादमीत जात.

मुंबईचे जे. जे. स्कूल 1857 चे; तिथे जिवंत मॉडेलचा वर्ग नीट रुजला तो 1919 नंतर, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत. त्यावर बोलायला निदान अर्धा तास हवा, आणि सभागृहाची वेळ तर संपली आहे.