हळू आवाजातला बँड: बेल अँड सबॅस्टियन

[पडद्यावर: ग्लासगोचे ओले रस्ते. बसच्या खिडकीतून दिसणारी दगडी घरं.]

जून १९९६. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एका कॉलेजच्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपनीने, एक रेकॉर्ड काढली. एलपीच्या, म्हणजे पूर्ण लांबीच्या तबकडीच्या, फक्त १,००० प्रती. अल्बमचं नाव 'टायगरमिल्क'. बँडचं नाव बेल अँड सबॅस्टियन. सेसिल ओब्री या फ्रेंच लेखिकेच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टीवरून ते घेतलं होतं.

पहिलं गाणं, 'द स्टेट आय ॲम इन'. सुरुवातीला जवळजवळ एकटी गिटार आणि एक आवाज. इतका हळू, की ऐकणारा आपोआप पुढे झुकतो. मग बाकीची वाद्यं एकेक करून येतात. पण त्या आवाजावर कुणी चढत नाही.

हा आवाज स्टुअर्ट मर्डॉकचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, त्याला दीर्घकालीन थकव्याच्या आजाराने गाठलं. क्रॉनिक फटिग सिंड्रोम. सुमारे सात वर्षं गेली. शिक्षण सुटलं, काम करणं अशक्य झालं. याच काळात तो गाणी लिहायला लागला.

त्याच्या गाण्यांतली माणसं बघा. शाळेत एकटी पडलेली मुलगी. बसमध्ये पुस्तक वाचत बसलेलं कुणीतरी. चर्चमध्ये उत्तर शोधायला गेलेला आणि तसाच परतलेला मुलगा. यातलं कुणी जग जिंकायला निघालेलं नाही. अंथरुणावर पडून ज्याने इतरांचं आयुष्य दुरून पाहिलं, त्याचीच ही नजर आहे, आणि मला ती या बँडची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

[पडद्यावर: रिकामा स्टुडिओ, चेलो, ट्रम्पेट.]

तब्येत थोडी सावरल्यावर मर्डॉक बेकार संगीतकारांसाठीच्या एका प्रशिक्षण वर्गात दाखल झाला. तिथे त्याला बेस वाजवणारा स्टुअर्ट डेव्हिड भेटला. शहरातल्या स्टो कॉलेजमध्ये संगीत व्यवसायाचा अभ्यासक्रम होता आणि त्याचे विद्यार्थी इलेक्ट्रिक हनी नावाचं लेबल चालवत. दरवर्षी एखाद्या बँडचं एक सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची रेकॉर्ड, काढायचं, अशी पद्धत. मर्डॉककडे इतकी गाणी तयार होती की त्या वर्षी पूर्ण अल्बमच निघाला. गिटारवर स्टीव्ही जॅक्सन, चेलोवर इसोबेल कॅम्पबेल, कीबोर्डवर क्रिस गेडिस, ड्रमवर रिचर्ड कोलबर्न. एकत्र येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि रेकॉर्डिंगही थोड्याच दिवसांत उरकलं. पुढे त्या मूळ एलपीसाठी लोक शेकडो पौंड मोजायला लागले.

पाच महिन्यांनी, नोव्हेंबर १९९६मध्ये, जीपस्टर या लेबलवर दुसरा अल्बम आला. 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'. लाल रंगात बुडालेलं कव्हर. तोवर सारा मार्टिनचं व्हायोलिन बँडमध्ये आलं होतं.

गाणी उत्तम, पण रेकॉर्डिंग मनासारखं झालं नाही, असं मर्डॉकला वाटत राहिलं. म्हणून २००५मध्ये बँडने लंडनच्या बार्बिकन सभागृहात हा संपूर्ण अल्बम पुन्हा वाजवला. ते रेकॉर्डिंग प्रसिद्ध झालं, आणि त्याचं उत्पन्न त्या वर्षीच्या भूकंपग्रस्तांच्या मदतीला गेलं. त्यात ड्रम भरदार आहेत, आवाज स्वच्छ आहे. तरीही मी मूळ अल्बमच्याच बाजूने आहे. त्यातला आवाज खरोखर अशक्त आहे, वाद्यं थोडी लांब उभी आहेत, आणि ही गाणी ज्यांच्याबद्दल आहेत ती माणसं अशीच बोलतात.

१९९७मध्ये बँडने तीन ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड, काढल्या. त्यातली गाणी अल्बममध्ये घालायची नाहीत, हा या लोकांचा बाणा. 'लेझी लाइन पेंटर जेन' ऐकाच. मोनिका क्वीन ही पाहुणी गायिका अशा ताकदीने गाते की शेजारी मर्डॉक कुजबुजतोय असं वाटतं. दोन आवाजांतली ही दरी तशीच ठेवायला धाडस लागतं. मग शब्द संपतात, ऑर्गन आणि ड्रम चढत जातात, आणि सहा मिनिटांच्या आसपासचं हे गाणं अजून थोडं चालावं असं वाटत राहतं.

[पडद्यावर: समुद्रकिनारा, सुट्टीतल्या वसाहतीची छोटी घरं.]

तेव्हा बँड मुलाखती टाळत असे. कव्हरवर स्वतःचे चेहरे सहसा नसत. मर्डॉक चर्चच्या हॉलवर राहायचा आणि त्या हॉलची देखभाल करायचा. अशा बँडला १९९९मध्ये, लोकांच्या मतदानातून, स्टेप्ससारख्या लोकप्रिय गटाला मागे टाकून ब्रिट हा ब्रिटनचा मोठा संगीत पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी इंग्लंडच्या कॅम्बर सँड्स इथे बोली वीकेंडर हा महोत्सव भरवला. आवडते बँड बोलवायचे आणि सगळ्यांनी तिथेच राहायचं. 'ऑल टुमॉरोज पार्टीज' या महोत्सवांची मुळं तिथली.

पुढे पडझड झाली. २०००मध्ये स्टुअर्ट डेव्हिड गेला, २००२मध्ये इसोबेल कॅम्पबेल.

आणि २००३मध्ये 'डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस'. लेबल रफ ट्रेड, निर्माता ट्रेव्हर हॉर्न, म्हणजे झगझगीत, मोठ्या आवाजाच्या पॉपचा माणूस. अनेक जुने चाहते नाराज झाले. मला हा राग पटत नाही. जो माणूस वर्षानुवर्षं मोठ्याने गाऊ शकत नव्हता, तो आता मोकळ्या गळ्याने गातोय, बँड नाचतोय. यात हरवलं काय? अल्बमला मर्क्युरी या ब्रिटनमधल्या अल्बमसाठीच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. २००६चा 'द लाइफ पर्सूट' तर त्याहून उडता आहे.

२०१५च्या अल्बमची सुरुवात 'नोबडीज एम्पायर' या गाण्याने होते. त्यात मर्डॉक आपल्या आजारपणाबद्दल थेट गातो. याच नावाची त्याची कादंबरी २०२४मध्ये आली. मधे साथीच्या काळात बाहेर जाणं थांबलं, तेव्हा बँडने ग्लासगोतल्या आपल्या सरावाच्या जागेतच स्टुडिओ मांडला. त्यातून २०२२मध्ये 'अ बिट ऑफ प्रीव्हियस' आणि २०२३च्या जानेवारीत 'लेट डेव्हलपर्स' आला.

ज्यांना हा बँड नवा आहे, त्यांनी आधी 'पुश बारमन टू ओपन ओल्ड वुंड्स' घ्यावा. २००५मध्ये निघालेल्या या संग्रहात जीपस्टरच्या काळातल्या सगळ्या ईपी आणि सिंगल एकत्र आहेत. कालक्रमानेच ऐका, आणि मर्डॉकचा आवाज कुठे उघडायला लागतो तिकडे कान ठेवा.