सुंता : वस्तऱ्यापासून ऑपरेशन टेबलापर्यंत

[दृश्य : परभणीतली गल्ली. दारात मांडव. गळ्यात हार, कमरेला लाल लुंगी, असा सहा-सात वर्षांचा मुलगा.]

निवेदन :
मराठवाड्यातल्या कित्येक मुस्लिम घरांत मुलाची सुंता म्हणजे छोटं लग्नच. पाहुणे, जेवण, नवे कपडे. नवरदेव तेवढा घाबरलेला.

लिंगाच्या टोकावरची सैल कातडी काढायची, एवढंच हे काम. कुराणात त्याचा थेट उल्लेख नाही. आधार आहे हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचा, आणि हजरत इब्राहिमांच्या परंपरेचा. इस्लामी कायद्याच्या हनफी पंथाच्या मतात ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची पाळावी अशी रीत; शाफई पंथाच्या मतात वाजिब, म्हणजे बंधनकारक. ज्यू लोक हाच विधी बाळाच्या आठव्या दिवशी करतात. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, गावच्या भाषेत शनवार तेली, तो पिढ्यानपिढ्या पाळत आले.

[दृश्य : जुना वस्तरा, बांबूची चिमटी.]

पूर्वी हे काम हज्जामाचं. चिमटीत कातडी धरायची आणि पोराला सांगायचं, "वो देख, सोने की चिडिया!" पोरगं वर बघेपर्यंत वस्तरा फिरलेला. जखमेवर जाळलेल्या कापडाची राख. हात कसलेले असत, वाद नाही. पण भूल नाही, अवजार उकळलेलं नाही. आणि मुलाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असला तर त्या राखेनं रक्त थांबत नाही.

आणखी एक धोका फारसा कुणी सांगत नाही. काही मुलांचं लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या अंगाला असतं आणि तिथली कातडीही अपुरी असते. घरच्यांना वाटतं, पोरगं जन्मतःच सुंता होऊन आलं, अल्लाची मेहेर! अशा मुलाची सुंता करायची नसते. छिद्र जागेवर आणायला सर्जनला पुढं तीच कातडी लागते. मांडव घालण्याआधी मुलाला डॉक्टरांना दाखवा, हे आम्ही आग्रहानं सांगू.

एचआयव्हीचं म्हणाल, तर दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत सुंता झालेल्या पुरुषांना बाईकडून होणारी लागण सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसली. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली, ती ही साथ जिथं फार पसरलेली आहे त्या देशांसाठी. निरोध वापरायचाच.

[दृश्य : सर्जिकल वॉर्ड. धोतर-टोपीतले म्हातारे रांगेत.]

याच ऑपरेशनसाठी हेही आलेत. मधुमेह आहे. साखर लघवीत उतरते, कातडीला पुन्हा पुन्हा बुरशी धरते, चिरा पडतात, तोंड आवळतं, धार बारीक होते. डॉक्टर कातडी काढायला सांगतात, आणि पुढचा प्रश्न ठरलेला : "डाक्टरसाहेब, गावात काय सांगावं?" या एका प्रश्नापायी माणसं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात. मागं गेलेली कातडी पुढं येईना आणि टोक सुजलं, तर तेवढीही सवड नसते. काही तासांत दवाखाना गाठावाच लागतो.

डॉक्टर हसून म्हणतात, "काका, लघवीचं ऑपरेशन झालं म्हणा. आणि साखर तपासत राहा, नाहीतर जखम भरायची नाही."