मुरानोबाहेर गेलेली विद्या

व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचेच्या भट्ट्या १२९१ पासून धगधगत आहेत. आगीच्या भयाने त्या शहरातून येथे हलवल्या गेल्या आणि पुढे कारागिरांनी बेट सोडू नये, असे कडक निर्बंधही आले. निर्बंध कालांतराने संपले. हातची विद्या परक्याला न देण्याची सवय मात्र घराघरांत टिकली.

या बेटावर १९३४ मध्ये जन्मलेले लीनो ताल्यापिएत्रा शाळा लहानपणीच सोडून आर्किमेदे सेगुसो यांच्या भट्टीवर उमेदवारीला लागले आणि २१ व्या वर्षी ‘माएस्त्रो’, म्हणजे उस्ताद, झाले. पुढची अनेक वर्षे त्यांच्या हातून घडले ते बहुतांशी कारखान्यांचे काम.

१९७९ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या पिलचक काचशाळेत ते शिकवण्यासाठी गेले. डेल चिहुली आदींनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या या शाळेतील तरुणांकडे कल्पनांची वाण नव्हती, पण फुंकनळीच्या टोकावरचा तापलेला गोळा अजून त्यांच्या पुरता कह्यात आला नव्हता. ताल्यापिएत्रांनी त्यांना हातचे काही राखून न ठेवता शिकवले. ‘रेतिचेल्लो’चेच पाहा: रंगीत काचतंतूंचे दोन फुगे परस्परविरुद्ध दिशांना पिळायचे, एक दुसऱ्यात बसवून फुंकायचे, म्हणजे तंतूंचे जाळे विणले जाते आणि त्याच्या प्रत्येक घरात हवेचा इवलासा बुडबुडा अडकून राहतो. गोळा क्षणभर जास्त थंडावला किंवा पिळाचा अंदाज चुकला, तर जाळे वेडेवाकडे होते. म्हणूनच हे कसब नुसते ऐकून येत नाही, उस्तादाशेजारी उभे राहून पाहावे लागते.

मुरानोतील काहींना हे घरभेदीपणाचे वाटले. त्यांचा राग समजण्याजोगा होता, कारण त्या गुपितांवर त्यांची चूल पेटत होती. तरीही या देवघेवीत अधिक लाभ शिक्षकाचाच झाला, असे आम्हांला वाटते. ‘तुम्हांला स्वतःला काय घडवायचे आहे?’ हा प्रश्न अमेरिकेतील त्या वातावरणात अपरिहार्य होता, आणि पन्नाशीच्या पुढे ताल्यापिएत्रा स्वतंत्र कलावंत म्हणून काम करू लागले.

‘एंडेव्हर’ या त्यांच्या मांडणीत छताखाली काचेच्या लांबट, निमुळत्या नावांचा ताफा टांगलेला आहे. व्हेनिसच्या गोंडोलांची आठवण करून देणाऱ्या या नावा एकाच दिशेने निघाल्यासारख्या दिसतात, आणि उजेड पडला की त्यांच्या रंगीत सावल्या खाली उतरतात.