ओपनजेडीके: आपल्या संगणकावर जावा

[दृश्य: उबुंटूचं टर्मिनल. एक ओळ टाइप होत जाते.]

सुडो, अ‍ॅप्ट, इन्स्टॉल, ओपनजेडीके-२१-जेडीके. एंटर. पासवर्ड दिला की फाइली उतरायला लागतात आणि थोड्याच वेळात जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड चालवण्याजोग्या रूपात बदलणारा प्रोग्रॅम), तो कोड चालवणारं आभासी यंत्र आणि हजारो तयार क्लासेस, म्हणजे कोडचे तुकडे, संगणकावर बसलेले असतात. पैसे नाहीत, नोंदणी नाही. या सगळ्या संचाला जेडीके म्हणतात, आणि ओपनजेडीके म्हणजे त्याची खुली आवृत्ती.

एका ओळीत उरकणाऱ्या या कामामागे बरीच वर्षं आणि बऱ्याच लोकांचे कष्ट आहेत.

जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत घडवलेली जावा १९९५ मध्ये जगासमोर आली. ती फुकट मिळायची, पण तिचा सोर्स कोड घेऊन बदलायची आणि पुढे वाटायची मोकळीक नव्हती. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांना ती आपल्या मुख्य भांडारात ठेवता येत नव्हती. आपली स्वतंत्र जावा उभी करण्यासाठी मुक्त सॉफ्टवेअरवाले वर्षानुवर्षं वेगळी लायब्ररी लिहीत बसले होते.

[दृश्य: तारीख उमटते, १३ नोव्हेंबर २००६.]

या दिवशी सनने जावा जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कोड बदलायची आणि पुढे वाटायची मुभा देऊन, खुली करत असल्याचं जाहीर केलं. हीच खुली जावा म्हणजे ओपनजेडीके. कंपायलर आणि हॉटस्पॉट हे आभासी यंत्र लगेच खुलं झालं, क्लास लायब्ररी मे २००७ मध्ये. तरी काही तुकडे अडकले. आवाज, फॉन्ट आणि चित्रं रेखाटणारा काही कोड दुसऱ्यांच्या मालकीचा होता. तो खुला करणं सनच्या हातात नव्हतं. म्हणजे सोर्स मिळाला, पण तेवढ्यावर पूर्ण जावा बांधता येईना.

मला या कहाणीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो इथून पुढचा. जून २००७ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या अभियंत्यांनी आइस्ड-टी नावाचा प्रकल्प सुरू केला. अडकलेल्या तुकड्यांच्या जागी त्यांनी मुक्त कोड बसवला. त्यातला काही त्या आधीच्या, वर्षानुवर्षं चाललेल्या कामातूनच आला होता. जून २००८ मध्ये फेडोरा ९ या लिनक्स वितरणावरच्या त्यांच्या जावाने सुसंगततेची अधिकृत चाचणी पार केली. त्या चाचणीत हजारो कसोट्या असतात आणि सगळ्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. सगळीच्या सगळी मुक्त कोडची जावा अस्सल ठरली ती तेव्हा.

[दृश्य: विंडोजचा डेस्कटॉप, ब्राउझर उघडतो.]

आता विंडोज. इथे एक्लिप्स फाउंडेशनच्या अ‍ॅडॉप्टियम प्रकल्पाची टेमुरिन ही आवृत्ती घेऊ. तीही ओपनजेडीकेच्याच सोर्समधून बांधलेली असते. एमएसआय फाइल उतरवून चालवली की एका पडद्यावर पर्याय दिसतात. तिथे घाईने नेक्स्ट दाबू नका. पाथमध्ये (कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्या यादीत) भर घालण्याचा पर्याय आधीच निवडलेला असतो, पण जावा-होम, म्हणजे जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता, ठरवण्याच्या पर्यायावर लाल फुली असते. तीवर क्लिक करून तो पर्याय सुरू करा. मेव्हन आणि ग्रेडलसारखी प्रोग्रॅम बांधणारी साधनं जेडीके शोधताना हाच पत्ता बघतात.

आवृत्ती कोणती घ्यावी? २०१८ पासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण दीर्घकाळ दुरुस्त्या मिळतात त्या ८, ११, १७, २१ आणि २५ या आवृत्त्यांना. शिकणाऱ्याने यांतलीच एक घ्यावी. दोन आवृत्त्या शेजारी-शेजारीही नांदतात.

[दृश्य: कमांड प्रॉम्प्ट.]

नवी खिडकी उघडून जावा-सी (हा कंपायलर), हायफन, व्हर्जन टाइप करा आणि मग जावा, हायफन, व्हर्जन. नवी खिडकी हवीच, कारण आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनाच पाथ धरून बसते. जावा-सीचं उत्तर २१ आणि जावाचं ८ आलं, तर संगणकावर कुठेतरी जुनी जावा आहे. पाथमधले फोल्डर संगणक क्रमाने तपासतो आणि पहिली सापडेल ती चालवतो. ‘व्हेअर जावा’ म्हटलं की सगळ्या जागा त्याच क्रमाने दिसतात. मग पाथमध्ये नवा फोल्डर वर सरकवायचा.

आता पहिला प्रोग्रॅम, आणि तो मराठीतच लिहू. जावामध्ये चलांची (व्हेरिएबलची) नावंसुद्धा देवनागरीत चालतात: इंट, मग ‘वय’, बरोबर, २०. मात्र हा २० आकडा इंग्रजी अंकांतच लिहावा लागतो. १८ च्या आधीच्या आवृत्त्या विंडोजवर फाइल वाचताना यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवण्याची पद्धत) गृहीत धरत नसत, त्यामुळे मराठी अक्षरांचा चुराडा व्हायचा. १८ पासून ती अडचण गेली. तरीही पडद्यावर प्रश्नचिन्हं उमटली, तर बहुधा कमांड प्रॉम्प्टचं कोड पेज, म्हणजे अक्षरं दाखवण्याची पद्धत, यूटीएफ-८ नसतं. तुमचा कोड निर्दोष असतो.

[दृश्य: जेडीकेचं फोल्डर, त्यातलं लिब.]

या लिब फोल्डरमध्ये एसआरसी नावाची झिप फाइल आहे. ती जरूर उघडा. मजकूर साठवायला आपण रोज वापरतो त्या स्ट्रिंग क्लासचा पूर्ण कोड त्यात आहे. वर १९९४ पासूनचा हक्क, खाली जीपीएलचा परवाना आणि मग प्रत्येक मेथडचं स्पष्टीकरण. मजकुरातला एखादा तुकडा इंडेक्सऑफ ही मेथड नेमकी शोधते कशी, हे तिथेच वाचता येतं. उबुंटूवर मात्र त्यासाठी ओपनजेडीके-२१-सोर्स हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं.