त्याच घरातले आधीचे काका

मंडळी, 'काका, मला' एवढं म्हटलं की पुढचा शब्द आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि ती हाक आपल्या भाषेत कायमची राहिली. पेशव्यांच्या घरातले काका म्हणजे राघोबादादा, असं आपण धरूनच चालतो. मला आज त्याच घरातल्या आधीच्या काकांबद्दल बोलायचंय. चिमाजी अप्पा. बाजीरावांचे धाकटे भाऊ, नानासाहेबांचे काका.

अप्पा म्हटलं की वसई आठवते, आणि आठवायलाच हवी. १७३७ पासून चाललेली ती मोहीम मे १७३९ मध्ये फत्ते झाली. शेवटी बुरुजांखाली सुरुंग लावावे लागले. त्या झुंजीत माणसं किती पडली! आणि तरीही किल्ला हाती आल्यावर आतल्या पोर्तुगिजांना बायकामुलांसह सुखरूप निघून जाऊ दिलं. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात कधी गेलात तर मान वर करून ती मोठी घंटा बघा. ती वसईच्या त्या विजयाची खूण.

पण मला जास्त ओढ वाटते ती भावाच्या नात्याची. वडील बाळाजी विश्वनाथ १७२० साली गेले. थोरल्या भावाला पेशवाई मिळाली, धाकट्याने त्याची पाठ सांभाळली. राऊ स्वारीवर असले की साताऱ्याला शाहू महाराजांची मर्जी राखणं, दरबारातल्या विरोधकांना तोंड देणं, फौजेच्या पैशाची तजवीज करणं, हे सारं अप्पांकडे. आणि वेळ पडली तर तलवारही. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला त्यांनी माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर याला रणात पाडलं. तेव्हा बाजीराव तिथे नव्हते. प्रकृती मात्र तोळामासा. खोकला त्यांना आयुष्यभर पुरला. ते दुखणं अंगावर घेऊन हा माणूस कोकणच्या दलदलीत उभा होता, हे माझ्या मनातून जात नाही.

घरातही दुःख होतंच. १७३० साली सदाशिव जन्मला आणि महिनाभरात त्याची आई, रखमाबाई, गेली. आईवेगळं पोर आजी राधाबाईंच्या मायेत वाढलं. पानिपतावर लढलेले भाऊसाहेब ते हेच.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. राऊ मोहिमेवर असताना मस्तानीला कैदेत ठेवलं गेलं, त्यात अप्पांचा आणि नानासाहेबांचा हात होता. घराण्याची चिंता खरी असेल, पण भावाच्या जिवाला त्याने किती लागलं असेल! मला ते अप्पांचं चुकलंच वाटतं. माया केलेल्या माणसाकडूनच अशी चूक होते, म्हणून ती अधिक सलते.

१७४० च्या सुरुवातीला पैठणजवळ दोघे भाऊ निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी तह करून वेगळे झाले. ती शेवटची भेट. २८ एप्रिलला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले.

आता इथे जरा थांबूया. पेशवेपदाच्या गादीवर कोणी नाही, पुतण्या अवघा एकोणीस वर्षांचा, पद मागणारे दुसरेही टपलेले. वसईचा विजेता अप्पा स्वतः पुढे झाला असता तर? ते झाले नाहीत. त्यांनी पुतण्यालाच पुढे केलं, त्याच्यासाठी आपलं वजन खर्चलं, आणि दोन-अडीच महिन्यांत नानासाहेबांना वस्त्रं मिळाली. कैवार घेणं म्हणतात ते हे. त्यानंतर अप्पांच्या हाती फार दिवस उरले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात, भावामागून आठ महिन्यांच्या आत, तेही गेले. पुण्यात मुठेकाठी ओंकारेश्वरापाशी त्यांची समाधी आहे. शनिवारवाड्याहून पायी जाता येतं. वाड्यापाशी गर्दी असते, इथे फारसं कुणी थांबत नाही.

आणि राघोबादादा बाजीरावांचेच चिरंजीव, म्हणजे अप्पा त्यांचेही सख्खे काका. अप्पा गेले तेव्हा ते सहा वर्षांचे होते.