पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढात पालखीच्या वाटेवर तुम्ही फोटो काढले असतील. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, चौकट वारकऱ्यांनी भरून गेलेली. कॅमेरा ऑटोवर असेल, तर घरी येऊन पाहताना तेच कपडे पुष्कळदा मळकट, राखाडी दिसतात. घरच्या देव्हाऱ्यातली काळ्या पाषाणाची विठ्ठलमूर्ती जवळून टिपली की उलट घडतं. दगडाचा काळेपणा जातो, मूर्ती फिकट, धुरकट येते.

कॅमेरा बिघडलेला नसतो. त्यातलं मीटर समोरून येणारा प्रकाश तेवढा मोजतं. समोर धोतर आहे की दगड, हे त्याला ठाऊक नसतं. पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारी मधली राखाडी छटा समोर आहे, असं ते धरून चालतं. हल्लीचे कॅमेरे चेहरे ओळखतात, बरेच अंदाज बांधतात. पण चौकट एकाच रंगानं भरली की तेही फसतात. समोर पांढरं आहे हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून तिथं निर्णय तुमच्या हातात हवा. मॅन्युअल, म्हणजे ऑटो बंद करून सगळं स्वतः ठरवणं, शिकायचं ते एवढ्यासाठी.

त्यात सांभाळायच्या गोष्टी तीनच. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र किती उघडं. शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो. आणि आयएसओ म्हणजे आलेल्या प्रकाशाला कॅमेरा किती वाढवून घेतो. अ‍ॅपर्चरचे आकडे नव्या माणसाला बुचकळ्यात टाकतात, कारण आकडा मोठा तितकं छिद्र लहान. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी ती पायरी आहे, आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो. शटर १२५ वरून २५० वर नेलं, म्हणजे सेकंदाच्या १२५व्या भागाऐवजी २५०वा भाग, तरीही उजेड निम्माच. आयएसओ २०० चं ४०० केलं की परिणाम दुप्पट. या प्रत्येक पायरीला फोटोग्राफर मंडळी ‘स्टॉप’ म्हणतात. एकीकडे एक स्टॉप घटवला तर दुसरीकडे एक वाढवायचा, एवढाच हिशेब.

रोलच्या जमान्यातल्या श्रोत्यांना आठवत असेल, फिल्मच्या खोक्यावर ऊन, ढग, सावली यांची चित्रं आणि पुढे आकडे छापलेले असत. तो आडाखा आजही खरा आहे. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर १६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० असेल तर शटर १०० किंवा १२५. आभाळ भरून आलं की अ‍ॅपर्चर ८, आणि उघड्या जागेतल्या सावलीत ४. महिनाभर हा आडाखा वापरा. मीटरकडे पाहण्याआधीच अंगणातला उजेड किती आहे ते डोळ्यांना कळू लागतं. मला या शिक्षणातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता पुन्हा वारकऱ्यांकडे येऊ. चौकट पांढऱ्यानं भरली असेल तर मीटर सांगेल त्याहून एक ते दीड स्टॉप जास्त उजेड द्या. काळ्या मूर्तीला एक-दीड स्टॉप कमी. फोटो काढल्यावर पडद्यावर मोठा करून पाहा, धोतराच्या चुण्या दिसायला हव्यात. त्या पुसल्या गेल्या असतील तर उजेड जास्त झाला.

घरात गणपतीच्या आरतीला वेगळीच अडचण येते. मखराला दिव्यांच्या माळा असतात आणि फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर ५०० वर असेल तर ती लुकलुक पट्ट्यांच्या रूपानं पकडली जाते. अशा वेळी शटर १०० किंवा ५० वर आणा, आणि टाळ वाजवणारे हात थोडे पुसट आले तर येऊ द्या. त्या पुसटपणानं आरती चालू असल्यासारखी वाटते, मला तरी तो आवडतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलावरची टिपरी हवेत थांबलेली हवी असेल, तर मात्र दिवसाउजेडी शटर ५०० किंवा त्याच्या वर न्या.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातला प्रो मोड, म्हणजे फोनमधलं मॅन्युअल, उघडावा. बहुतेक फोनमध्ये छिद्र कायमचं ठरलेलं असतं, त्यामुळे तुमच्या हातात शटर आणि आयएसओ एवढंच राहतं. सुरुवातीला तेही सोपं करून घ्या. घरात आयएसओ ४०० वर ठेवून द्या आणि फक्त शटर फिरवत राहा. खिडकीजवळ बसून तांदूळ निवडणारी आजी हा उत्तम विषय आहे, ती फारशी हलत नाही. तिचे तीन फोटो घ्या, शटर ६०, १२५ आणि २५० वर, आणि मग तिन्ही तिलाच दाखवून विचारा, यातलं खरं लुगडं कुठलं.

नमस्कार.